मेंदूज्वर ओळखताना आधी वय पाहा: तान्ह्या बाळापासून वृद्धांपर्यंत कारणे, लक्षणे आणि पहिल्या काही तासांत करायच्या गोष्टी

इंदूरमध्ये ताप आणि डोकेदुखी ही जोडी वर्षभर कोणत्या ना कोणत्या निमित्ताने घरात येतच असते. मे महिन्यात लू लागते, पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग डेंग्यू, मलेरिया, चिकनगुनिया सुरू होतात, टायफॉइडला तर ऋतूचे बंधनच नसते, आणि डिसेंबर-जानेवारीत सर्दी-खोकल्याने अर्धे घर अंथरुणाला खिळलेले असते. या गर्दीत मेंदूज्वर, म्हणजे मेंदूच्या आवरणांना येणारी सूज, क्वचितच असतो. पण जेव्हा असतो तेव्हा निर्णयासाठी दिवस मिळत नाहीत, तास मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात साधारण सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचपैकी एकाच्या मागे गंभीर दुष्परिणाम राहतात.

हा लेख या विषयाशी पहिल्यांदाच गाठ पडणाऱ्यांसाठी आहे: नव्याने आईबाप झालेले, मुलाला पहिल्यांदा होस्टेलवर ठेवणारे, किंवा वृद्ध आई-वडिलांना नुकतेच आपल्याकडे घेऊन आलेले. मेंदूज्वराचे ‘मान ताठ होणे’ हे एक लक्षण बहुतेकांना ऐकून ठाऊक असते, आणि अडचण अशी की नेमके हेच लक्षण सर्वांत लहान बाळांत आणि सर्वांत वृद्ध माणसांत भरवशाचे नसते. म्हणून समोरच्या रुग्णाचे वय काय, हा प्रश्न आधी विचारावा आणि त्या वयात हा आजार कसा दिसतो, ते मग पाहावे.

पहिली पायरी: आजाराचा वेग समजून घ्या

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पापुद्रे असतात आणि त्यांतल्या आतल्या दोघांच्या मध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. प्रौढ माणसात हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. जंतू बहुधा नाक-घशातून रक्तात आणि रक्तातून या द्रवात शिरतात. काही वेळा वाहत्या कानातून, सायनसमधून किंवा डोक्याला मार लागून कवटीला गेलेल्या तड्यातून थेट पोचतात. पापुद्रे सुजतात म्हणून डोके दुखते, मान पुढे वाकवली की सुजलेला भाग ताणला जातो म्हणून मान आखडते, आणि कवटीच्या आतला दाब वाढतो म्हणून उलट्या होतात व ग्लानी येते.

कारणे अनेक असली तरी घरच्यांच्या दृष्टीने त्यांतला मुख्य फरक वेगाचा आहे. जिवाणूंचा मेंदूज्वर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणसाला आडवे करतो. विषाणूंचा मेंदूज्वरही अचानक सुरू होतो, पण त्यात रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि आठवडा-दहा दिवसांत बरा होतो. मुलांमध्ये पोटातून पसरणारे एंटेरोव्हायरस हे त्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. क्षयाचा मेंदूज्वर दोन-तीन आठवडे रेंगाळत येतो. बुरशीमुळे होणारा, विशेषतः क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा, प्रामुख्याने एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या प्रौढांत दिसतो आणि त्याची डोकेदुखीही आठवडेच्या आठवडे चालते. याखेरीज गरम, साचलेल्या गोड्या पाण्यात पोहताना नाकातून शिरणारा नेग्लेरिया हा अमीबा आहे, ज्याचे रुग्ण अलीकडे केरळात आढळले. तो अत्यंत दुर्मीळ, पण जवळजवळ नेहमी प्राणघातक असतो.

वर्तमानपत्रांत ‘मेंदूज्वर’ म्हणून ज्या बातम्या येतात त्यांतल्या बऱ्याच प्रत्यक्ष मेंदूच्याच दाहाच्या असतात, उदाहरणार्थ जपानी मेंदूज्वर किंवा २०२४ मध्ये गुजरातेत लहान मुलांत पसरलेला चांदीपुरा विषाणू. वैद्यकीयदृष्ट्या ते आजार वेगळे आहेत; घरी घ्यायचा निर्णय मात्र दोन्हींत एकच असतो, तो म्हणजे थांबायचे नाही.

दुसरी पायरी: वयाप्रमाणे लक्षणे शोधा

*जन्मापासून दोन महिन्यांपर्यंत*

या वयात मेंदूज्वर आणि रक्तातला जंतुसंसर्ग यांना बाहेरून वेगळे करता येत नाही आणि करण्याचा प्रयत्नही करू नये. जंतू बाळाला प्रसूतीच्या वेळी आईकडून किंवा नंतर रुग्णालयातून व घरातून मिळतात. पाश्चात्त्य पुस्तकांत ब गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसला पहिले स्थान असते. आपल्याकडे नवजात बाळांत ई. कोलाय, क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू अधिक सापडतात आणि त्यांच्यापैकी अनेक नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ, पाणमोट फुटल्यानंतर प्रसूतीला अठरा तासांहून अधिक लागलेले बाळ, आणि प्रसूतीच्या वेळी आईला ताप असलेले बाळ यांना धोका जास्त असतो.

लक्षणे इतकी साधी असतात की ती नजरेतून निसटतात. कालपर्यंत ओढून पिणारे बाळ आज दोन घोट घेऊन स्तन सोडून देते. हातपाय कमी हलवते, उठवले तरी नीट जागे होत नाही. रडणे बारीक, किंचाळल्यासारखे, एका सुरात चालते किंवा अगदीच क्षीण होते. श्वास भराभर चालतो किंवा मध्येच थांबतो. आणि ताप असेलच असे नाही: काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सियसच्या वर गेले तर ते जितके धोक्याचे, तितकेच ३५.५ अंशांच्या खाली गेलेले, हातापायांना गार लागणारे बाळ धोक्याचे. झटकेसुद्धा मोठ्यांसारखे नसतात. एकाच बाजूला डोळे स्थिर होणे, ओठ सतत चघळल्यासारखे हलणे, पाय सायकल चालवल्यासारखे फिरणे, एवढेच दिसू शकते.

सव्वा महिना बाळंतिणीला आणि बाळाला बाहेर काढायचे नाही, ही आपल्याकडची रीत एरवी चांगलीच आहे, कारण तिने गर्दीतल्या संसर्गापासून बाळ वाचते. परंतु पिणे सोडलेल्या बाळाच्या बाबतीत ती रीत त्याच क्षणी बाजूला ठेवावी. ‘दृष्ट लागली असेल’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायला हरकत नाही, पण त्या ओवाळेपर्यंत रिक्षा दारात उभी असावी.

*दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत*

या वयातले मुख्य जंतू तीन: न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा ब प्रकार, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘हिब’ म्हणतात तो, आणि मेनिन्गोकॉकस. पहिल्या दोघांवरच्या लसी आता सरकारी कार्यक्रमात आहेत, त्याविषयी पुढे येईलच.

तपासायची जागा म्हणजे टाळू. डोक्याच्या पुढच्या भागातली ही मऊ जागा साधारण बारा ते अठरा महिन्यांपर्यंत उघडी असते. ज्या घरात आजी रोज टाळूवर तेल घालते त्या घरात ही तपासणी सर्वांत चांगली होते, कारण तिच्या बोटांना टाळूची नेहमीची पातळी ठाऊक असते: किंचित खोलगट किंवा सपाट, आणि बोटांखाली हलकेच ठोके देणारी. बाळ शांत असताना त्याला उभे किंवा बसते धरून बोटांच्या पेरांनी टाळू चाचपावी. ती कवटीच्या वर उचललेली, ताणलेली आणि टणक लागली, तर आतला दाब वाढलेला असू शकतो. रडताना, खोकताना किंवा आडवे असताना टाळू फुगलेली वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून त्या वेळी निष्कर्ष काढू नये. उलट, जुलाब-उलट्यांमुळे पाणी कमी झालेल्या बाळाची टाळू खोल जाते, आणि अशा बाळाला मेंदूज्वरही असेल तर टाळू फसवू शकते. टाळू ठीक आहे म्हणून बाळ ठीक आहे, असे म्हणता येत नाही.

दुसरी खूण वागण्यातली आहे. साधे आजारी मूल उचलून घेतले, खांद्यावर टाकले की शांत होते. मेंदूज्वरातले मूल उचलले की अधिक रडते आणि पाळण्यात निश्चल ठेवले की कमी, कारण हलवण्याने सुजलेली आवरणे ताणली जातात. आईच्या कडेवर जाऊनही मूल किंचाळत असेल आणि लंगोट बदलताना पाय उचलले की कळवळत असेल, तर ती ‘दात येताहेत’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. नजर शून्यात लागणे, अंग सैल पडणे, न थांबणाऱ्या उलट्या आणि झटके ही पुढची लक्षणे.

झटक्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात नुसत्या तापानेही आकडी येते, ती बहुधा पंधरा मिनिटांच्या आत थांबते आणि तासाभरात मूल पूर्ववत खेळू लागते. परंतु सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तापात झटका आला, झटका लांबला, एकाच दिवसात पुन्हा आला, शरीराच्या एकाच बाजूला आला, किंवा झटक्यानंतर मूल शुद्धीवर यायला रेंगाळले, तर ती तापाची साधी आकडी समजू नये. पहिल्यांदा आलेली आकडी तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावीच. झटक्याच्या वेळी मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीही साधत नाही, नुसता वेळ जातो.

*शाळकरी मुले*

आता मूल ‘डोके दुखते’ असे सांगू शकते आणि पुस्तकातले चित्र बरेचसे प्रत्यक्ष उतरते: जोराचा ताप, डोके धरून बसणे, उलट्या, उजेड सहन न होणे, मान आखडणे. सर्वांत जास्त फसवणूक उलट्यांमुळे होते. ताप आणि उलट्या म्हटले की बाहेरचे काही खाण्यात आले असेल असे वाटते आणि ओआरएस सुरू होते. पोट बिघडले असेल तर बहुधा जुलाबही असतात आणि उलटीनंतर थोडा आराम पडतो. जुलाब नाहीत, डोकेदुखी वाढते आहे आणि मूल झोपाळू होते आहे, अशा वेळी पोटाचा विचार सोडून द्यावा. विषाणूंचा मेंदूज्वरही याच वयात जास्त दिसतो. गालगुंडानंतर तो होऊ शकतो, आणि गालगुंडाची लस सरकारी वेळापत्रकात नसल्यामुळे ती खाजगीरीत्या घ्यावी लागते, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही.

*किशोर आणि तरुण*

भंवरकुआच्या कोचिंग क्लासेसच्या आसपास एकेका खोलीत तीन-तीन, चार-चार मुले राहतात, एकाच बाटलीतून पाणी पितात. मेनिन्गोकॉकस हा जंतू अनेक निरोगी माणसांच्या घशात गुपचूप वस्ती करून असतो आणि निकटच्या सहवासातून, थुंकीच्या तुषारांतून पसरतो. म्हणून होस्टेल, बराकी आणि मोठ्या यात्रा ही त्याची ठिकाणे. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये त्याच्या साथी येऊन गेल्या आहेत.

या जंतूचा वेग इतर सर्वांपेक्षा जास्त असतो. सकाळी फ्लूसारखे वाटते, पायांत गोळे आल्यासारखे दुखते, ताप असूनही हातपाय गार पडतात, आणि मान आखडण्याच्या आधीच अंगावर लाल-जांभळे ठिपके उमटू लागतात. ठिपक्यांवर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून पाहावे: साधे पुरळ दाबाखाली फिके पडते, रक्त साकळून झालेले ठिपके तसेच दिसत राहतात. सावळ्या त्वचेवर ते सहज दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळा पाहावा. डेंग्यूतही असे ठिपके येतात, पण तो फरक आपण घरी ठरवायचा नाही. आणि ठिपके नाहीत म्हणून मेंदूज्वर नाही, हेही खरे नाही. न्यूमोकॉकस आणि क्षय यांच्यात ते बहुधा नसतातच.

एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याचा खरा धोका असा की तो गोळी घेऊन खोलीत झोपून जातो आणि सोबतचे त्याला ‘आराम करू दे’ म्हणून क्लासला निघून जातात. तापाने आजारी मित्राला दर दोन तासांनी उठवून दोन वाक्ये बोलायला लावावे, एवढा नियम प्रत्येक खोलीत पाळला जावा.

*प्रौढ*

नेदरलँड्समध्ये जिवाणूंचा मेंदूज्वर झालेल्या प्रौढांचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ताप, ताठ मान आणि बदललेली शुद्ध ही तिन्ही लक्षणे एकत्र असलेले रुग्ण निम्म्याहून कमी, ४४ टक्केच होते. पण या तिघांत डोकेदुखी मिळवली, तर चारांपैकी किमान दोन लक्षणे ९५ टक्के रुग्णांत होती. तिन्ही लक्षणे जमण्याची वाट पाहणे किती महागात पडू शकते, हे या आकड्यांवरून कळते.

प्रौढांत न्यूमोकॉकस सर्वांत पुढे असतो. ज्यांचा कान वर्षानुवर्षे वाहतो, ज्यांच्या डोक्याला पूर्वी मार लागून नाकातून पाण्यासारखा स्राव येतो, ज्यांची प्लीहा (जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) काढलेली आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा जे रोज मद्य घेतात, त्यांना धोका अधिक. आपल्या शेजारच्या झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या आदिवासी भागांत सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि सिकल सेलमध्ये प्लीहा निकामी होत असल्यामुळे तेही याच गटात मोडतात. असे मूल किंवा कामगार आपल्या ओळखीत असेल तर त्याचा ताप कधीही हलका समजू नये. गर्भवतींत लिस्टेरिया या जंतूचा धोका असतो. तो फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि न तापवलेल्या दुधातून पोचू शकतो. दूध उकळून घेण्याची आपली सवय इथे उपयोगी पडते.

*साठीच्या पुढे*

न्यूमोकॉकस, लिस्टेरिया आणि आतड्यांतले जंतू ही इथली कारणे. वृद्धांत ताप अगदी थोडा असतो किंवा नसतोच, आणि डोकेदुखीची तक्रारही नसते. दिसतो तो फक्त गोंधळ. काल संध्याकाळी पेपर वाचणारे आजोबा आज सकाळी स्नानगृहाची वाट चुकतात, सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारतात, जेवता जेवता झोपी जातात. घरात ‘वय झाले’ म्हणतात, कोणी पक्षाघात म्हणतो, कोणी सोडियम कमी झाले म्हणतो. सोडियम कमी झालेले असूही शकते. पण काही तासांत किंवा एका दिवसात आलेला गोंधळ हे म्हातारपण नव्हे, तो आजार आहे. मानेची परीक्षा इथे दोन्हीकडून फसवते: मणक्यांच्या झिजेमुळे मान आधीच आखडलेली असते, आणि खरा मेंदूज्वर असताना ती मऊही राहू शकते. झिजेची मान सगळ्याच दिशांना वळताना कुरकुरते. मेंदूज्वरात डावी-उजवीकडे ती त्यामानाने वळते आणि हनुवटी छातीकडे नेताना अडते.

क्षयाचा मेंदूज्वर: संथ आणि म्हणूनच फसवा

भारतात हा प्रकार सर्व वयांत आढळतो आणि मला तो सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो कोणाला घाबरवत नाही. पहिले दोन आठवडे मूल नुसते कुरकुरे होते, खेळणे सोडते, भूक मंदावते, संध्याकाळी कणकण येते. मोठ्या माणसाचे डोके दुखत राहते आणि वजन उतरते. मग उलट्या सुरू होतात, एक डोळा तिरळा दिसू लागतो किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात, कारण डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी सुजेत सापडतात. त्यानंतर गुंगी. उपचार ज्या टप्प्यावर सुरू होतात त्यावर परिणाम ठरतो. शुद्ध हरपल्यावर आलेल्या रुग्णांत मृत्यू आणि कायमचे अपंगत्व दोन्ही खूप जास्त असतात. घरात किंवा शेजारी गेल्या वर्षा-दोन वर्षांत कोणाला क्षय झाला होता का, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे. सोयरीक, नोकरी यांच्या भीतीने ही गोष्ट लपवली जाते, आणि तेवढ्यानेच निदान आठवडाभर लांबते.

तिसरी पायरी: घरातली दहा मिनिटे

थर्मामीटर लावावा. मोठ्या मुलाला किंवा प्रौढाला हनुवटी छातीला टेकवायला सांगावे. लहान मुलाला ‘बेंबी दाखव’ म्हणावे किंवा खेळणे समोरून हळूहळू खाली न्यावे आणि ते मान वाकवून पाहते का, की फक्त डोळे वळवते, हे पाहावे. मान हाताने जबरदस्तीने वाकवू नये. अंग उजेडात तपासावे. नाव, वार, जागा विचारावी. लू लागलेल्या माणसालाही ताप, डोकेदुखी आणि भ्रम होतो, पण त्यामागे उन्हातला किंवा प्रचंड उकाड्यातला वावर असतो. रात्रभर कूलरसमोर झोपलेल्या माणसाला सकाळी लू लागत नाही.

ताप उतरवायला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देता येते. ते दिल्याने ताप उतरला आणि मूल तरीही निपचित असले, तर तो उतार समाधानाचा नव्हे. मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनाने प्रतिजैविक आणून देणे मात्र पूर्णपणे टाळावे. दोन-चार गोळ्यांनी आजार बरा होत नाही. लक्षणे दबतात, पुढे तपासणीत जंतू उगवत नाही, आणि कोणते औषध लागू पडेल हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

चौथी पायरी: कुठे आणि कसे जावे

तापाबरोबर शुद्धीत बदल, झटका, न थांबणाऱ्या उलट्या, दाबूनही फिके न पडणारे ठिपके, फुगलेली टाळू किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने पिणे सोडणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर ओळखीच्या दवाखान्यात नंबर लावून बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा हाताला लागेल त्या वाहनाने जिथे रात्रंदिवस आपत्कालीन विभाग आणि अतिदक्षता कक्ष आहे अशा रुग्णालयात जावे. शहरात सरकारी एम.वाय. रुग्णालय आहे, तसेच मोठी खाजगी रुग्णालयेही आहेत. निवड करताना सर्वांत जवळचे, हाच निकष ठेवावा. गुंगीतल्या रुग्णाला वाटेत पाणी पाजू नये, कुशीवर निजवावे.

तिथे बोलणे हिंदीत होते आणि घाईत मराठी घरांतली माणसे नुसते ‘तेज बुखार है’ सांगून थांबतात. त्याऐवजी क्रमाने सांगावे: ताप कधीपासून, शुद्ध कधीपासून बदलली, झटका किती मिनिटे होता, मान कशी आहे, आधी कोणती औषधे दिली, कान वाहतो का, डोक्याला मार लागला होता का, क्षयाचा संपर्क, मधुमेह, लसीकरण. औषधांची पाने आणि लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे.

पाचवी पायरी: पाठीतले पाणी काढण्याला संमती

मेंदूज्वर आहे का आणि कोणत्या जंतूचा, हे कळण्यासाठी मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा तो द्रव कमरेतून सुईने काढून तपासतात. इथे अनेक कुटुंबे अडखळतात. ‘पाठीत सुई टोचली की माणूस लुळा होतो’ ही भीती इतकी पसरलेली आहे की सही करायला कोणीच पुढे येत नाही, गावाकडे फोन होतात, काका आल्यावर ठरवू म्हणतात आणि रात्र निघून जाते. वस्तुस्थिती अशी आहे की प्रौढाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत घालतात. लहान बाळात मज्जारज्जू थोडा अधिक खाली असतो, म्हणून तिथे आणखी खालची फट निवडतात. सिझेरियनच्या वेळी भुलीचे इंजेक्शन याच फटीतून देतात, आणि त्याला घरात कोणी हरकत घेत नाही. पाणी काढल्यानंतर ज्यांना अपंगत्व आल्याचे सांगतात, त्यांना ते मूळ आजारामुळे आलेले असते.

रुग्णाला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घेतात, जागा निर्जंतुक करतात, सुई आत गेली की थेंब थेंब पाणी दोन-तीन छोट्या बाटल्यांत आपोआप पडते. तेव्हाच हातातूनही थोडे रक्त घेतात, कारण पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश असावी लागते आणि तुलना त्याच वेळच्या रक्ताशी करावी लागते. जिवाणूंच्या मेंदूज्वरात पाणी गढूळ असते, साखर घटते आणि पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात. विषाणूंच्या प्रकारात पाणी स्वच्छ आणि साखर बहुधा ठीक असते. क्षयाच्या प्रकारात पाणी स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असते, ठेवून दिले तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते, आणि सीबीनॅट या चाचणीने क्षयाचे जंतू काही तासांत शोधता येतात. ती चाचणी नकारात्मक आली तरी क्षय नाही असे ठरत नाही, हे लक्षात असावे. नंतर काहींना एक-दोन दिवस बसले की डोके दुखते, ते पडून राहण्याने आणि भरपूर पाणी पिण्याने कमी होते.

मेंदूत गाठ किंवा खूप दाब असल्याची शंका, रक्त न गोठण्याची अडचण किंवा टोचण्याच्या जागी जखम असेल तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात, आणि गाठीची किंवा दाबाची शंका असेल तर आधी सीटी स्कॅन करतात. अशा वेळी प्रतिजैविकांचा पहिला डोस स्कॅनसाठी थांबवायचा नसतो. तो दिला का, एवढे नम्रपणे विचारण्याचा नातेवाइकांना अधिकार आहे.

उपचार, सोबतची माणसे आणि लसी

जिवाणूंच्या मेंदूज्वरात शिरेतून प्रतिजैविके जंतूप्रमाणे एक ते तीन आठवडे चालतात. सुरुवातीलाच काही रुग्णांना डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारे स्टेरॉइड देतात, ज्यामुळे बहिरेपणाचा धोका कमी होतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून सुटी मागू नये. क्षयाच्या प्रकारात औषधे साधारण नऊ ते बारा महिने आणि सुरुवातीला स्टेरॉइड, अशी योजना असते. औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात.

मेनिन्गोकॉकस निघाला तर एका घरात किंवा खोलीत राहणाऱ्यांना प्रतिबंधक औषध दिले जाते. कोणाला द्यायचे हे डॉक्टर ठरवतात, सगळ्या गल्लीने गोळ्या खाण्याचे कारण नाही. क्षयाचा मेंदूज्वर रुग्णाकडून तसा पसरत नाही, पण घरात फुप्फुसाचा क्षय असलेले कोणी आहे का, हे शोधावेच लागते.

सरकारी वेळापत्रकात जन्मतः बीसीजी मिळते, जी लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून बरेच संरक्षण देते. ६, १०, १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिबची लस असते, आणि ६ आठवडे, १४ आठवडे व ९ महिन्यांना न्यूमोकॉकसची. ही शेवटची २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली, म्हणून त्याआधी जन्मलेल्या मुलांची कार्डे एकदा पाहावीत. मेनिन्गोकॉकसची लस सर्वांना दिली जात नाही. हज यात्रेकरू, परदेशी विद्यापीठांत वसतिगृहात जाणारे विद्यार्थी आणि प्लीहा नसलेले रुग्ण यांनी ती विचारून घ्यावी. साठीच्या पुढच्या मधुमेहींनी न्यूमोकॉकसच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

घरी परतल्यावर

मूल घरी आले की सर्वांना वाटते संपले. जिवाणूंच्या मेंदूज्वरानंतर कमी ऐकू येणे हा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि तो बाहेरून दिसत नाही. मूल ‘हट्टी झाले, ऐकत नाही’ असे वाटते आणि प्रत्यक्षात त्याला ऐकूच येत नसते. म्हणून सुटीच्या आधी, किंवा फार तर चार आठवड्यांत, कानांची यंत्राने तपासणी करून घ्यावी. टाळ्या वाजवून पाहणे पुरेसे नाही. उशीर झाल्यास आतल्या कानात हाड भरून येते आणि कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायचे यंत्र, बसवणे अवघड होते. तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर प्रत्येक भेटीत मोजून कार्डावर लिहून घ्यावा, कारण डोक्यात पाणी साचू लागले तर तो झपाट्याने वाढतो. शाळकरी मुलांच्या बाबतीत पहिले काही महिने वर्गशिक्षकांना कल्पना देऊन ठेवावी: विसरभोळेपणा, चिडचिड, अक्षर बिघडणे या गोष्टी त्यांना आईबापांच्या आधी दिसतात. पुन्हा डोकेदुखी व उलट्या, नवा झटका किंवा चालण्यात लटपट दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच विभागात दाखवावे, आणि सुटीचा कागद व पाण्याच्या तपासणीचा अहवाल यांच्या प्रती लसीकरणाच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवाव्यात.